‘मेफ्लाय’ : एका बाईने घरी बांधलेले विमान

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, उखाणे, आरोग्याच्या चार सूचना आणि एखादे यात्रावर्णन असते. यंदा कार्यवाहबाईंनी सांगितले की, इतिहासातील एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी कोणीतरी लिहावे. जिजामाता, अहल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आपल्या भगिनींनी पूर्वी चांगले लेख लिहिलेले आहेत. त्याच गोष्टी मी पुन्हा माझ्या तोडक्यामोडक्या भाषेत सांगाव्यात हे मला बरे वाटेना. म्हणून आपल्यापैकी बहुतेकींनी जिचे नाव ऐकलेले नाही अशा एका परदेशी बाईची हकीकत मी निवडली आहे. तिचे नाव लिलियन ब्लँड. तिने १९१० साली आयर्लंडमध्ये, आपल्या आत्याच्या घरी, स्वतःच्या हाताने विमान बांधले आणि त्यात बसून ती स्वतः उडाली.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी मजकूर माझ्या मुलीने मला वाचून दाखवला आणि समजावून सांगितला. यंत्रशास्त्रातले मला फारसे कळत नाही. पण घरी बसून शिवणकाम करता करता वीस वर्षे झाली. कापड, खळ, ताण आणि टाका या गोष्टी मला कळतात. ही हकीकत ऐकताना माझ्या ध्यानात आले की, पहिली विमाने अर्ध्याहून अधिक याच गोष्टींची बनलेली होती. तेव्हा माझ्यासारखीने हा विषय हाती घेतला तर त्यात वावगे काही नाही. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

प्रथम तो काळ कसा होता ते पाहू. अमेरिकेत ऑर्व्हिल आणि विल्बर राइट या दोघा भावांनी १९०३ च्या डिसेंबरात पहिले यंत्रविमान उडवले हे आपण शाळेत शिकलो. हे दोघे मूळचे सायकली बनवणारे आणि दुरुस्त करणारे. पुढे २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामधली खाडी विमानातून ओलांडली आणि साऱ्या युरोपला विमानाचे वेड लागले. आपल्याकडे १९०९ सालीच पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन सुरू केले होते. बायकांनी घराबाहेर पडून चार अक्षरे किंवा एखादी कला शिकावी, एवढ्यासाठी त्या माउलीला किती बोलणी खावी लागली ते आपण जाणतोच. त्या काळी तिकडच्या बायकांना सगळे मोकळे रान होते अशी आपली समजूत असते, पण तसे नव्हते. इंग्लंडात बायकांना तेव्हा पार्लमेंटच्या निवडणुकीत मताचा हक्कही नव्हता. बाईने घोड्यावर बसायचे तर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचे, पुरुषासारखे बसणे असभ्य, अशी रीत होती.

लिलियन मात्र पुरुषासारखीच बसत असे. तिचा जन्म २८ सप्टेंबर १८७८ रोजी इंग्लंडात केंट परगण्यातील मेडस्टन येथे झाला. आई वारल्यानंतर ती आणि तिचे वडील उत्तर आयर्लंडात बेलफास्टजवळ कार्नमनी या गावी राहत होते. घर होते तिच्या विधवा आत्याचे. आत्याचे यजमान सैन्यात जनरल होते. त्यांच्या मागे घरात एक हत्यारांची खोली राहिली होती. लिलियन वर्तमानपत्रांसाठी खेळांच्या बातम्या लिही आणि फोटो काढी. ती शिकारीला जाई, सिगारेट ओढी आणि पाटलोण घाली. गावातल्या लोकांनी काय म्हटले असेल याची कल्पना आपल्याला करता येईल. सिगारेट सोडून बाकीचे आपण घ्यावे.

एकदा स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ती समुद्रपक्ष्यांचे फोटो घेत होती. पंख न हलवता वाऱ्यावर तरंगणारे ते पक्षी पाहून आपणही असे उडावे ही इच्छा तिच्या मनात आली. पुढे १९०९ साली तिच्या काकांनी पॅरिसहून ब्लेरिओच्या विमानाचे चित्र असलेले एक टपालकार्ड पाठवले. त्यावर विमानाची मापे होती. आपल्यापैकी एखादीने कोणाच्या अंगावरचा ब्लाउज पाहून तसाच घरी बेतावा, तसे लिलियनने ते कार्ड पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडात ब्लॅकपूल येथे विमानांचे मोठे संमेलन भरले. तेथे जाऊन तिने उभ्या विमानांची मापे घेतली, टिपणे केली आणि ती घरी परत आली. एवढीच तिची शाळा.

आता तिने विमान कसे बांधले ते सविस्तर सांगते, कारण या हकीकतीतील खरा मौजेचा आणि शिकण्याचा भाग हाच आहे.

तिने एकदम मोठे विमान करायला घेतले नाही. आधी सहा फूट पंखांचा एक नमुना केला आणि तो दोरीला बांधून पतंगासारखा उडवून पाहिला. आपली मुले संक्रांतीला पतंगाची कन्नी बांधताना आधी हातभर उचलून पाहतात, झोक खातो की काय ते तपासतात आणि मगच दोर सोडतात, तसेच हे. नमुना चांगला उडाला तेव्हा तिने पुऱ्या मापाचे, पण इंजिन नसलेले विमान बांधायला घेतले. एकावर एक अशी पंखांची दोन जोड पाने, आणि पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे सत्तावीस फूट. हत्यारांच्या खोलीत एवढे धूड मावेना, तेव्हा ते घोडागाडीच्या कोठारात जोडावे लागले.

सांगाड्यासाठी तिने स्प्रूस, ॲश, एल्म ही तिकडची लाकडे आणि बांबू वापरला. स्प्रूस हलके आणि सरळ धाग्याचे, म्हणून लांब दांड्यांना उपयोगी. ॲश चिवट, धक्का सोसणारे आणि वाफेवर वाकणारे. बांबूचे गुण आपल्याला सांगायला नकोत. मांडव, सूप, टोपली आणि शिडी यांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातोच. या सांगाड्यात तारा ताणून बसवलेल्या होत्या, म्हणजे वाऱ्याने पंख पिळवटू नयेत. बाजेच्या नवारी चारी बाजूंनी सारख्या ओढल्या नाहीत तर बाज तिरकी होते, तसाच याही तारांचा हिशोब असतो.

पंखांवर कापड चढवायचे. ते होते कोरे कॅलिको, म्हणजे आपण ज्याला कोरा मांजरपाट म्हणतो त्याच जातीचे सुती कापड. या कॅलिको नावाचे मूळ आपल्या देशातले आहे. केरळातल्या कालिकत बंदरातून हे कापड पूर्वी विलायतेला जाई, म्हणून त्याला तिकडे ते नाव पडले. आयर्लंडातल्या पहिल्या स्त्रीने बांधलेल्या विमानाच्या पंखांना आपल्या बंदराचे नाव चिकटलेले होते हे ऐकून मला फार आनंद झाला.

पण नुसते कापड उपयोगाचे नाही. त्याच्या वीणीतून वारा आरपार जातो आणि पाऊस लागला की ते भिजून सैल होते. म्हणून लिलियनने घरच्या घरी एक खळ तयार केली. जिलेटिन पाण्यात गरम करून त्यात फॉर्मॅलिन घातले आणि ते कापडाला फासले. जिलेटिन आपण पाहिलेले आहे, जेली करतात ते. त्याने कापडाची भोके बुजतात आणि सुकल्यावर कापड ताठ होते. पण जिलेटिन पाण्यात विरघळते. मग पावसाचे काय? त्यासाठी फॉर्मॅलिन. हे औषध जिलेटिनला कडक करते आणि मग ते पाण्यात विरघळत नाही. आपण साडीला तांदळाची खळ घालतो ती पहिल्या धुण्यात निघून जाते. हिची खळ न निघणारी होती. आयर्लंडात पाऊस आपल्या कोकणासारखा धो धो नसला तरी बारा महिने झिमझिम चालू. तेव्हा हा बेत तिला करणे भागच होते.

विमान वळवण्यासाठी तिने सायकलीच्या हँडलसारखा दांडा बसवला. अशा रीतीने १९१० सालच्या सुरुवातीला इंजिनावाचूनचे विमान तयार झाले. तिने त्याचे नाव ठेवले ‘मेफ्लाय’. मेफ्लाय हा पाण्याकाठचा एक नाजूक किडा, पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगणारा. आणि इंग्रजीत हेच शब्द तोडून म्हटले तर ‘उडेल कदाचित’ असा अर्थ होतो. उडेल, नाहीतर नाही उडणार! आपल्याच श्रमांवर असा विनोद करणारी बाई मला फार आवडली.

मग परीक्षा. कार्नमनीच्या टेकडीवर विमान नेले. वारा जोरात होता. ते धरायला तिने पोलीस दलातले चार उंचेपुरे शिपाई आणि आत्याच्या बागेत काम करणारा ज्यो ब्लेन नावाचा मुलगा यांना बोलावले. वारा पंखाखाली शिरताच विमान उचलले गेले आणि त्याबरोबर ही धरणारी माणसेही उचलली गेली. शिपायांनी घाबरून हात सोडले. ज्यो मात्र सोडीना. त्याने लोंबकळत विमान वाऱ्याच्या आड वळवले आणि खाली आणले. लिलियनने काय हिशोब केला पाहा. पाच माणसांचे ओझे हे पंख उचलतात, तर एका इंजिनाचे आणि माझे ओझे सहज उचलतील. तराजू नाही, कारखाना नाही, पण अंदाज अचूक. ज्यो ब्लेनसारख्या मदतनीसाचे नाव इतिहासात टिकले हेही योग्यच झाले. मोठ्या कामात कोणीतरी दोर न सोडणारा लागतोच.

इंजिनासाठी तिने इंग्लंडातल्या ए. व्ही. रो यांच्याकडे मागणी केली. वीस अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे. किंमत शंभर पौंड, त्या काळी मोठीच रक्कम. इंजिन यायला उशीर होऊ लागला तेव्हा जुलै १९१० मध्ये ती स्वतः इंग्लंडला गेली आणि आगगाडीने आणि बोटीने इंजिन घेऊन आली. घरी आणल्यावर धीर धरवेना. पेट्रोलची टाकी अजून आलेली नव्हती. बाहेर रात्र आणि वर पाऊस. तरी तिने इंजिन बसवलेच. टाकीच्या ऐवजी व्हिस्कीची रिकामी बाटली घेतली. पेट्रोल ओतायला नळकांडे हवे. तर तिची आत्या ऐकायला कमी होती आणि कानाशी धरायचा एक कर्णा वापरीत असे. लिलियनने तो कर्णा घेतला आणि त्यातून पेट्रोल सोडून इंजिन चालू केले! आत्या काय म्हणाली याची नोंद नाही. आपल्या घरी सासूबाईंचा चष्मा असा कोणी नेला असता तर काय झाले असते ते लिहायला नको.

इंजिनाच्या हादऱ्याने नटबोल्ट सैल होऊन पडत, तारा तुटत. प्रत्येक वेळी थांबायचे, शोधायचे आणि पुन्हा आवळायचे. शिवणयंत्र नवे आणले की आपण पहिले काही दिवस स्क्रू आवळत बसतो, त्याच्या शंभरपट हे काम. पण त्यामुळे यंत्रातला प्रत्येक खिळा तिच्या ओळखीचा झाला.

उडायला जागा हवी म्हणून रँडल्सटाउन येथील लॉर्ड ओनील यांचे आठशे एकरांचे कुरण तिला मिळाले. त्यात एक मोकळा बैल फिरत असे. तो अंगावर आला तर उडण्याला चांगलाच हुरूप येईल, असे ती थट्टेने म्हणे. तेथे वारा आणि पाऊस थांबण्याची वाट पाहण्यात पाच आठवडे गेले. अखेर ऑगस्ट १९१० च्या अखेरीला हवा निवळली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिला विमान चालवायला शिकवणारा कोणी नव्हता. आज शिकाऊ वैमानिकाच्या शेजारी शिक्षक बसतो आणि दोघांच्याही हाती सुकाणू असते. लिलियन एकटी. तेव्हा शिकण्याची रीत अशी होती की आधी जमिनीवरूनच विमान पळवायचे, मग किंचित उचलायचे, लगेच खाली टेकवायचे, असे करत करत हात बसवायचा. म्हणजे विमान बांधणे आणि उडायला शिकणे ही दोन्ही कामे तिने एकाच वेळी, एकाच यंत्रावर केली. पहिल्यांदा जमीन सुटली तेव्हा तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. उतरल्यावर ती मागे धावत गेली आणि गवतातले चाकांचे ठसे तपासू लागली. ठसे एके ठिकाणी संपले होते आणि पुढे काही अंतरावर पुन्हा सुरू झाले होते. मधल्या जागेत गवत जसेच्या तसे उभे होते. तेव्हा तिची खात्री पटली. मला हा प्रसंग फार खरा वाटतो. आयुष्यभर ‘तुला जमणार नाही’ असे ऐकलेल्या बाईला जमले तरी ती आधी पुरावा शोधते.

पुढे तिने आणखी उड्डाणे केली. सुमारे तीस फूट उंची आणि पाव मैल अंतर अशी त्यांची नोंद सापडते. आजच्या हिशोबाने ही मजल अगदी थोडी. पण आयर्लंडात यंत्रविमानाचे पहिले उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. ते हॅरी फर्ग्युसन यांनी ३१ डिसेंबर १९०९ रोजी, त्याच भागात केले होते. हे फर्ग्युसन म्हणजे पुढे ट्रॅक्टरमुळे नावाजलेले गृहस्थ. आपल्या गावाकडे शेतात ‘मॅसी फर्ग्युसन’ ट्रॅक्टर दिसतात त्यातले फर्ग्युसन हेच. आणि आपल्या देशात टपाल घेऊन उडालेले पहिले विमान अलाहाबादेहून नैनीला गेले ते १८ फेब्रुवारी १९११ रोजी, म्हणजे लिलियनच्या उड्डाणानंतर.

स्वतः रचना करून, स्वतः बांधून, स्वतः विमान उडवणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांत लिलियनची गणना होते. ती एकटीच होती असे मात्र नाही. फ्रान्समध्ये रेमाँद द लारोश या बाईला ८ मार्च १९१० रोजी विमान चालवण्याचा परवाना मिळाला, जगातील स्त्रीला मिळालेला पहिला. ८ मार्च हा आज आपण महिला दिन म्हणून पाळतो, हा योगायोग पाहा. अमेरिकेत बेसिका रेश हिने नवऱ्याबरोबर राहत्या घराच्या दिवाणखान्यात विमानाचे भाग बांधले आणि सप्टेंबर १९१० मध्ये ते उडवले. इंग्लंडात हिल्डा ह्यूलेट हिने १९११ साली परवाना मिळवला तेव्हा तिचे वय सत्तेचाळीस होते. पुढे तिने आपल्या मुलालाही उडायला शिकवले. आता चाळिशी उलटली, आता काय शिकायचे, असे आपण मंडळात वारंवार म्हणतो म्हणून हे मुद्दाम लिहिले.

यश मिळाल्यावर लिलियनने आपली विमाने विक्रीस असल्याचेही जाहीर केले. इंजिनावाचून विमान अडीचशे पौंड, आणि नुसते तरंगणारे ऐंशी पौंड. म्हणजे तिला हा धंदा म्हणूनही करायचा होता. पण तो पुढे चालला नाही. एक तर मेफ्लायचा सांगाडा हलका होता आणि मोठे इंजिन त्याला पेलवले नसते. दुसरे म्हणजे वडिलांना मुलीच्या जिवाची काळजी. त्या दिवसांत विमानातून पडून माणसे मरत होती, तेव्हा ती काळजी खोटी नव्हती. वडील म्हणाले, उडणे सोड, मी तुला मोटार घेऊन देतो. लिलियनने ते मान्य केले. ती मोटार चालवायला शिकली आणि लवकरच बेलफास्टमध्ये फोर्ड मोटारींची एजंट झाली.

हा भाग मुलीने वाचून दाखवला तेव्हा आम्ही दोघी बराच वेळ त्यावर बोलत बसलो. ती म्हणाली, “आई, एवढे केले आणि मोटारीवर समाधान मानले?” तिला राग आला होता. मला तसा राग आला नाही, कारण हा सौदा माझ्या ओळखीचा आहे. मी सातवी पास झाले तेव्हा पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, वाटेत ओढा होता आणि एकट्या मुलीला पाठवायची नाही असे घरात ठरले. वडिलांनी माझी समजूत काढायला शिवणयंत्र आणून दिले. त्या यंत्रावर माझा संसार उभा राहिला, तेव्हा वडिलांना मी नावे ठेवीत नाही. त्यांनी जे दिले ते प्रेमाने दिले. तरी पण आठवीचे पुस्तक कसे असते ते मी पहिल्यांदा पाहिले ते मुलीच्या दप्तरात. मुलीच्या सुरक्षिततेसाठी तिला दुसरी वस्तू देऊन आईबाप जी वाट बंद करतात ती वाट बंदच राहते, वस्तू कितीही चांगली असली तरी. वाटेवरचा ओढा धोक्याचा असेल तर त्यावर साकव घालावा, मुलीचे जाणे बंद करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. यंदा मुलीने तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीला नाव घातले तेव्हा शेजारच्या काहींनी मला आपुलकीने विचारले की, मुलीच्या जातीला लोखंडाचे काम कशाला? त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. हा लेख हेच माझे उत्तर समजावे.

लिलियनचे पुढचे आयुष्यही थोडक्यात सांगते. ऑक्टोबर १९११ मध्ये तिने आपल्या चुलतभावाशी लग्न केले, तिकडे तशी चाल आहे, आणि १९१२ साली ती त्याच्यामागोमाग कॅनडात गेली. व्हँकूव्हर बेटावर जंगल तोडून शेत करायचे, असे ते कष्टाचे जिणे. तिला एक मुलगी झाली. ती सोळा वर्षांची असताना १९२९ साली धनुर्वाताने गेली. या दुःखाविषयी मी काही लिहू शकत नाही. एवढेच म्हणते की, आज धनुर्वाताची लस आपल्या दवाखान्यात फुकट मिळते, ती आपण आणि आपल्या मुलींनी चुकवू नये. पुढे १९३५ साली लिलियन एकटी इंग्लंडला परतली, बागकाम करून राहिली, आणि ११ मे १९७१ रोजी कॉर्नवॉलमधील सेनन येथे वयाच्या ब्याण्णव्या वर्षी वारली. म्हणजे माणूस चंद्रावर उतरल्याचे तिने आपल्या हयातीत ऐकले. बेलफास्टजवळच्या ग्लेनगॉर्म्ले येथे आज तिच्या नावाचे उद्यान असून तेथे तिच्या विमानाची पोलादी प्रतिकृती उभी आहे.

घरी विमान बांधण्याची हौस तिच्याबरोबर संपली नाही. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३४ साली एक पुस्तक काढून सामान्य माणसाला घरी बांधता येईल असे छोटे विमान दाखवले. त्याला ‘आकाशातली पिसू’ असे गमतीचे नाव होते. शेकडो लोकांनी ते बांधायला घेतले. पण १९३५-३६ मध्ये एकामागून एक अपघात होऊन माणसे दगावली. शास्त्रज्ञांनी मोठ्या वाऱ्याच्या बोगद्यात ते विमान ठेवून तपासले तेव्हा दोष सापडला. पुढचा आणि मागचा पंख इतके जवळ होते की, एकदा तोंड फार खाली झाले की ते पुन्हा वर येत नसे. हौसेला तपासणीची जोड हवी हा धडा त्यातून मिळाला. आज परदेशात विमानाचे तयार भाग पेटीत भरून मिळतात आणि लोक ते घरच्या गॅरेजमध्ये जोडतात. पण अमेरिकेत नियम असा की, निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः केलेले असावे, आणि सरकारी तपासणी झाल्यावाचून ते उडवू नये. लिलियनने आधी पतंग, मग इंजिनावाचून आणि मग इंजिनासह अशा पायऱ्या घेतल्या, त्यामागे हेच शहाणपण होते.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने मुंबईत कांदिवली येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. आपल्या बायकांतही उडणाऱ्या कमी नाहीत. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोर येथे साडी नेसून विमान उडवले आणि परवाना मिळवला, तेव्हा त्या एका लहान मुलीच्या आई होत्या. आपल्या सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली सर्व स्त्री कर्मचारी असलेल्या विमानाचे नेतृत्व केले. पाचवारी साडी कामाच्या आड येत नाही हे एवढ्यावरून सिद्ध व्हावे.

शेवटी मंडळाला माझी एक सूचना आहे. आपण शिवण, पापड, मेणबत्त्या यांचे वर्ग चालवतो. त्याच्या जोडीला महिन्यातून एक दुपार दुरुस्तीचा वर्ग ठेवावा. नळाचा वायसर बदलणे, सायकलीचे पंक्चर काढणे, मिक्सरचा आवाज का येतो ते उघडून पाहणे, फ्यूज घालणे, इतकेच. त्यात आपल्याबरोबर सातवी-आठवीच्या मुलींना बसवावे. शिवणयंत्राचे तेलपाणी आणि दुरुस्ती मी आनंदाने शिकवीन. प्रत्येकीने विमान बांधावे असे कोणी म्हणत नाही. पण आपण वापरतो ती वस्तू उघडण्याची भीती मुलींच्या हातात राहू नये. खोली आपलीच आहे आणि पाना, पकड व स्क्रूड्रायव्हर माझ्या घरचे मी आणीन. कार्यकारिणीने याचा विचार करावा अशी नम्र विनंती करून, आणि मंडळाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन मी हा लेख पुरा करते.